कर्करोगातील आगाऊ उपचार-नियोजन

आगाऊ उपचार-नियोजन म्हणजे पूर्ण बरा होण्याची शक्यता न उरलेल्या रुग्णाने, निर्णयक्षम असतानाच, पुढील उपचारांविषयीची आपली इच्छा डॉक्टर व कुटुंबीयांशी बोलून ठरविणे आणि नोंदविणे. कृत्रिम श्वसनयंत्र वा नळीद्वारे अन्न हवे की नको, यांबरोबरच अखेरचे दिवस कोठे घालवायचे हाही त्यातील प्रश्न असतो. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात (स्थापना १९४१) देशभरातून रुग्ण येतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरून उपचार घेणाऱ्या परगावच्या कुटुंबांना हा प्रश्न अधिक बिकट ठरतो, कारण निर्णय लांबल्यास गावापर्यंतचा प्रवास रुग्णाला झेपत नाही.

आध्यात्मिक आधार

ब्रिटिश डॉक्टर सिसिली साँडर्स यांनी 'समग्र वेदना' ही संकल्पना मांडली. तीत शारीरिक दुखण्याबरोबर मानसिक, सामाजिक व आध्यात्मिक दुःखाचाही समावेश होतो. 'हे माझ्याच वाट्याला का?' हा प्रश्न, प्रारब्धाचा विचार, मुलीच्या लग्नाची काळजी, जुना अबोला मिटविण्याची इच्छा ही त्याची नेहमीची रूपे होत. येथे उपदेशापेक्षा ऐकून घेणे महत्त्वाचे असते. नामस्मरण, नमाज किंवा प्रार्थना यांना जागा द्यावी, पण नास्तिक रुग्णावर त्या लादू नयेत. रुग्णापासून निदान लपविण्याची घराघरांतील प्रथा मात्र या संवादाचा मार्गच बंद करते.

कायदेशीर बाजू

या विषयावरील महत्त्वाचा निकाल परळमधूनच उद्भवला, तोही कर्करोगाशी संबंध नसलेल्या प्रकरणात. के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधील हल्ल्यानंतर २०१५ मधील मृत्यूपर्यंत तेथेच अंथरुणाला खिळून होत्या. पिंकी विराणी यांची याचिका ७ मार्च २०११ रोजी फेटाळताना सर्वोच्च न्यायालयाने निष्क्रिय दयामरणास अटींवर मान्यता दिली. शानबाग यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार मात्र त्यांची शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयातील कर्मचाऱ्यांचा मानला. ९ मार्च २०१८ रोजी 'कॉमन कॉज' खटल्यात घटनापीठाने वैद्यकीय इच्छापत्र वैध ठरविले. २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सुलभ झाली: दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरेसे ठरते. रुग्ण स्वतः निर्णय घेऊ शकत असेल, तोवर त्याचा शब्दच अंतिम असतो. तो अक्षम झाल्यावर इच्छापत्र लागू होते, आणि तेव्हाही उपचार थांबविण्यापूर्वी दोन वैद्यकीय मंडळांची संमती लागते. सक्रिय दयामरण बेकायदेशीरच आहे.

कपाटात कुलूपबंद राहिलेले इच्छापत्र अतिदक्षता विभागात निरुपयोगी असते. मुंबईतील डॉ. निखिल दातार यांच्या जनहित याचिकेनंतर महाराष्ट्रात अशी इच्छापत्रे सांभाळण्यासाठी स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये अभिरक्षक नेमण्यात आले.