दोन वळणांमधलं वळण

प्रथिनांच्या स्फटिकांचं गणित मी चाळिशीनंतर, स्वतःच पुस्तकं चाळत शिकलो. त्या शिकण्यातली एक चूक सांगतो. विषयाचा गाभा तिच्यातच आहे.

स्फटिकावर क्ष-किरण सोडले की ठिपके उमटतात. त्यांची तीव्रता मोजता येते, पण लहरी एकमेकींच्या किती मागेपुढे होत्या हे हरवतं. म्हणून मिळत्याजुळत्या, ओळखीच्या प्रथिनाचा साचा घेऊन तो कसा वळवला की जुळतो, हे शोधतात. मायकेल रॉसमन आणि डेव्हिड ब्लो यांनी १९६२ मध्ये या शोधाचा पाया घातला.

वळण तीन ऑयलर कोनांत सांगतात: उभ्या अक्षाभोवती, मग आडव्या, पुन्हा उभ्या. सरावासाठी घेतलेल्या एका स्फटिकात मला दोन उत्तरं मिळाली, कोन अगदी वेगळे. पण कोनांची वजाबाकी फसवते. (१०, ०, ५०) आणि (६०, ०, ०) वेगळे दिसतात. मधला कोन शून्य असल्यामुळे दोन्ही म्हणजे ६० अंशांचं एकच वळण!

खरी रीत अशी. प्रत्येक वळणाचा तीन बाय तीनचा मॅट्रिक्स मांडायचा. पहिलं वळण उलटवायचं (ओळींचे स्तंभ केले की झालं), मग दुसरं द्यायचं. गुणाकाराच्या कर्णावरच्या तीन अंकांची बेरीज घ्या, १ वजा करा, २ ने भागा: हा दोन वळणांमधल्या कोनाचा कोसाइन. बेरीज ३ आली तर फरक शून्य. उणे १ आली तर १८० अंश.

माझा कोन १८० आला, अक्ष मात्र तिरका, स्फटिकाच्या कुठल्याच सममिती-अक्षाशी न जुळणारा. म्हणजे दोन स्वतंत्र रेणू! मी तसं टिपण एका जाणकारांना पाठवलं. त्यांनी एकच विचारलं, "दोन मावतात का?" प्रथिनांच्या स्फटिकात साधारण निम्मं पाणी असतं; दोन रेणू धरले तर पाण्याला जागाच उरेना.

चूक क्रमात होती. मॅट्रिक्सच्या गुणाकारात आधी घडणारी क्रिया उजवीकडे लिहितात. मी बोलतो तशी डावीकडे लिहिली होती. क्रम उलटला तरी कर्णाची बेरीज, म्हणून कोनही, तोच राहतो. अक्ष मात्र स्फटिकाच्या नव्हे, साच्याच्या चौकटीतला मिळतो. योग्य क्रमाने गुणल्यावर अक्ष स्फटिकाच्या द्विगुण अक्षावर नेमका बसला. दोन उत्तरं म्हणजे एकच रेणू, सममितीने दोनदा दिसलेला.

चुकीचा गुणाकारही वाया गेला नाही. साच्याची स्वतःची सममिती तपासायची तर तोच लागतो. हिमोग्लोबिनचे दोन अर्धे १८० अंशांनी एकमेकांवर बसतात. त्या गुणाकारातून हाच अक्ष निघाला, तर साचा फक्त स्वतःभोवती फिरलाय असं समजावं. तेव्हापासून मी कोनावर थांबत नाही. अक्ष कुणाच्या चौकटीतला, हे आधी विचारतो.