पाण्यातला गिऱ्हा आणि कोळीरूपी इक्तोमी

वडाळ्याला मिठागरं होती, खाजण होतं. लालबाग-परळच्या गिरण्यांत आलेल्या कोकणी माणसांनी सोबत आणलेल्या भुतांना अशी दलदल अनोळखी नव्हती. त्यांतला मला सर्वांत जिवंत वाटतो तो गिऱ्हा. बुडून मेलेल्याचं हे भूत रात्री वाटसरूला हाक मारून खोल पाण्याकडे नेतं. पण त्याचा केस हाती लागला, तर तेच माणसाची चाकरी करतं! फसवणाराच फसतो. ए. एम. टी. जॅक्सन यांच्या टिपणांवरून आर. ई. एन्थोव्हेन यांनी सिद्ध केलेल्या, 1915 च्या कोकणच्या लोकसमजुतींवरील ग्रंथात गिऱ्हा भेटतो. चकवा जमिनीवरचा: तो रात्रभर त्याच जागी फिरवतो. यावर जुनी माणसं सांगत, उजाडेपर्यंत बसून राहा.

असाच फसवणारा आणि फसणारा आहे अमेरिकेतल्या लाकोटा लोकांचा इक्तोमी, कोळ्याच्या रूपातला. बदकांना डोळे मिटून नाचायला लावून तो एकेकाची मान मुरगळतो, आणि पुढे त्याचीही फजिती होते. झित्कला-शा या लेखिकेने 1901 मध्ये त्याच्या कथा छापल्या. गिऱ्ह्यापाशी मुख्यतः भीती आहे. इक्तोमीला मात्र मुलं हसतात, आणि हसताहसता हावरटपणा ओळखायला शिकतात.