एकटा ‘मस्ट’ काय करणार?

शाळेतल्या इंग्रजी व्याकरणात मोडल ऑक्झिलरींचा एक तक्ता हमखास असतो. ‘कॅन’ म्हणजे क्षमता, ‘मे’ म्हणजे परवानगी किंवा शक्यता, ‘शुड’ म्हणजे सल्ला, ‘मस्ट’ म्हणजे सक्ती. सर्वनामांचा धडा वेगळा, उभयान्वयी अव्ययांचा त्याहून वेगळा. परीक्षेपुरतं हे ठीक आहे, पण बोलायला गेलं की तक्ता दगा देतो. पाहुण्यापुढे बशी धरून यजमानीण ‘यू मस्ट ट्राय धिस केक’ म्हणाली, तर तक्त्याच्या हिशेबाने ती दमदाटी झाली आणि ‘यू मे ट्राय धिस केक’ हे सौजन्य. इंग्रजी कानाला मात्र पहिलं वाक्य अगत्याचं वाटतं आणि दुसरं चक्क उर्मट. रॉबिन लॅकॉफ या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९७०च्या दशकात अशाच वाक्यांवर बोट ठेवलं होतं. केक खाण्यात फायदा समोरच्याचा, त्या ‘यू’चा आहे. ज्याचं भलं व्हायचं त्याच्यावर सक्ती केली की तो आग्रह ठरतो, आणि परवानगी दिली की उपकार. पंगतीत ‘अजून एक जिलबी घ्यावीच लागेल’ असं बजावणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळं समजवायला नको. तरीही इंग्रजी शिकताना आपण ‘मस्ट’ला एकट्यालाच पकडून त्याचा अर्थ विचारत बसतो. माझं म्हणणं असं की मोडलचा अर्थ त्याच्या एकट्याच्या पोटात नसतोच. शेजारी कोणतं सर्वनाम बसलंय आणि वाक्य कोणत्या उभयान्वयी अव्ययाने बांधलंय, यावर तो ठरतो.

नुसतं सर्वनाम बदलून पाहा. ‘कॅन आय ओपन द विंडो?’ ही परवानगी मागणं झालं. ‘कॅन यू ओपन द विंडो?’ ही विनंती, तिला ‘यस’ म्हणून बसून राहणारा माणूस विक्षिप्त ठरेल. ‘कॅन शी ओपन द विंडो?’ हा मात्र बहुधा खरोखरचा प्रश्न, तिला ते जमेल का असा. तीन वाक्यं, एकच ‘कॅन’, कामं तीन. इंग्रजीच्या जुन्या वैयाकरणांना याची जाणीव होती. अनंताचं चिन्ह रूढ करणारा गणितज्ञ जॉन वॉलिस याने १६५३ साली लॅटिनमध्ये इंग्रजीचं व्याकरण लिहिलं, त्यात ‘शॅल’ आणि ‘विल’ची वाटणी सर्वनामांनुसारच केली आहे. ‘आय शॅल’ म्हणजे नुसतं भविष्य, ‘आय विल’ म्हणजे वचन; ‘यू’ आणि ‘ही’ यांच्याबाबत मात्र नेमकं उलट. पाण्यात गटांगळ्या खाणारा परदेशी माणूस ‘आय विल ड्राऊन, नोबडी शॅल सेव्ह मी’ असं ओरडला आणि काठावरच्या इंग्रजांनी त्याचा निर्धार समजून त्याला बुडू दिलं, हा जुना विनोद याच नियमावर उभा आहे. नियम पुढे पुस्तकातच राहिला. १९६१ आणि १९९१ सालच्या छापील ब्रिटिश इंग्रजीचे दहा-दहा लाख शब्दांचे नमुने शेजारी ठेवून जेफ्री लीच यांनी तुलना केली, तेव्हा ‘शॅल’, ‘मस्ट’ आणि ‘मे’ तिघांचाही वापर बराच घटलेला दिसला. रोजच्या बोलण्यात ‘शॅल’ आज टिकून आहे तो मुख्यतः ‘शॅल आय?’ आणि ‘शॅल वी?’ या प्रश्नांत. म्हणजे हा शब्द तगला तोसुद्धा दोन सर्वनामांच्या आधाराने.

उभयान्वयी अव्यय तर याहून मोठी उलथापालथ करतं. ‘ही मे बी अ मिनिस्टर’ एवढंच वाक्य असेल, तर तो गृहस्थ मंत्री आहे की नाही याची शंका आहे. त्याला ‘बट’ जोडा: ‘ही मे बी अ मिनिस्टर, बट ही मस्ट स्टँड इन द क्यू’. आता तो मंत्री असल्याबद्दल कुणालाच शंका नाही. ‘मे’चा अर्थ ‘असेल मंत्री आपल्या घरी’ इतका बदलला. शक्यता गेली, तिच्या जागी ठसका आला, आणि हे सगळं पुढून येणाऱ्या ‘बट’मुळे. ‘इफ’चंही तसंच. ‘इफ इट विल रेन’ म्हणू नये, ‘इफ इट रेन्स’ म्हणावं, हे आपल्याला घोकून घ्यायला लावतात. (आपणही भविष्यकाळ टाळून ‘पाऊस पडला तर’ म्हणतोच की.) पण ‘इफ यू विल वेट हिअर, आय विल कॉल हिम’ हे अस्सल इंग्रजी आहे. ‘विल’चा मूळ अर्थ ‘इच्छा असणं’. पावसाला इच्छा नसते, ‘यू’ला असते, म्हणून ‘यू’ आला की ‘इफ’च्या मागे ‘विल’ चालतो आणि वाक्य ‘आपण जरा थांबाल का’ इतकं मऊ होतं. ‘इफ’नंतर ‘विल’ नको, हा नियम सर्वनामाकडे न बघता शिकवला, तर तो अर्धाच शिकवला.

इंग्रजीवर ही वेळ का आली असावी? आपल्याकडे मानाचा प्रश्न तू, तुम्ही, आपण यांतच सुटतो आणि क्रियापदही तसंच वळतं: दे, द्या, द्यावं. इंग्रजीतही शेक्सपिअरच्या काळी एकेरी ‘दाऊ’ आणि आदरार्थी ‘यू’ असा भेद होता. १७व्या शतकातले क्वेकर सगळी माणसं सारखी म्हणून न्यायाधीशालासुद्धा ‘दाऊ’ म्हणत आणि त्यापायी बोलणी खात. पुढे प्रमाण इंग्रजीतून ‘दाऊ’ गेलं, सगळ्यांना ‘यू’ राहिलं. मानमर्यादा काही त्यामुळे संपली नाही, ती वाक्यात इतरत्र पसरली. ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड सेंड द फाइल’ हे कचेरीतलं रोजचं वाक्य उलगडून पाहा. सुरुवात ‘यू’ने नाही, ‘आय’ने: विचार माझा, तुमच्यावर भार नाही. ‘वॉज’मुळे तो विचारही जणू मघाचा. ‘इफ’ने नकाराला दार उघडं ठेवलं. ‘कॅन’ऐवजी ‘कुड’ने मागणी आणखी एक पाऊल मागे सरकली. फाइल तर हवीच आहे, तीही आजच! आपला माणूस हेच ‘यू शुड सेंड द फाइल’ असं लिहितो, त्याच्या मनात ‘पाठवायला हवी’ इतकंच साधं असतं, आणि वाचणाऱ्याला वाटतं आपली कानउघाडणी झाली.

यावर कुणी म्हणेल, ‘प्लीज’ आहे ना? आहे, पण ‘प्लीज सेंड द फाइल’ ही आज्ञाच राहते, फक्त हात जोडून केलेली. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जर्मन माणसाकडे ‘डू’ आणि ‘झी’ असे दोन्ही दर्जे आहेत, तरी विनंती करताना तो ‘क्यॉन्टन झी’ म्हणजे ‘कुड यू’च म्हणतो. मग ‘दाऊ’ गेल्यामुळे मोडलांवर भार आला, असं कसं म्हणायचं? सरळ कार्यकारण मी मांडत नाही. जर्मनमध्ये सर्वनामाने अर्धं काम आधीच केलेलं असतं. इंग्रजीत ते करायला सर्वनाम शिल्लक नाही, इतकाच फरक आहे, आणि शिकणाऱ्याच्या दृष्टीने तो लहान नाही.

तिसरा आक्षेप असा की शब्दाला स्वतःचा अर्थच नसेल, तर कायदे आणि करार कसे लिहितात? मूळ छटा असतेच, ती नाकारता येत नाही. पण ती पक्की करायला किती खटाटोप लागतो ते पाहा. इंटरनेटचे तांत्रिक नियम लिहिणाऱ्यांना १९९७ साली ‘मस्ट’, ‘शुड’ आणि ‘मे’ यांच्या व्याख्या देणारं स्वतंत्र टिपण काढावं लागलं. तिथे कर्ता यंत्र किंवा प्रणाली असते, ‘आय’ आणि ‘यू’ यांची भानगडच नसते, म्हणून ते साधलं. कायद्यात तेवढंही साधत नाही. कलमातला ‘मे’ हा ‘शॅल’ म्हणून वाचायचा की नाही, यावर आपल्या न्यायालयांनी संदर्भ बघून वेळोवेळी निकाल दिले आहेत.

पहिल्या पायरीवर तक्ता लागतो, हे मान्य. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे, तेव्हा दहावीपर्यंत त्या पायरीवरून वर जायला पुरेसा वेळ मिळतो. प्रश्नपत्रिका काढणाऱ्या शिक्षकांनी मोडल अधोरेखित करून त्याचं ‘कार्य’ विचारणाऱ्या प्रश्नाशेजारी एक प्रश्न असाही घालावा: मोडल तोच ठेवा, ‘आय’च्या जागी ‘यू’ घाला, पुढे ‘बट’ जोडा, आणि अर्थात काय फरक पडला ते मराठीत लिहा.