एरिया कुठला बघताय?

ब्रोकरचा पहिला प्रश्न हाच असतो. बजेट किती, माणसं किती हे सगळं नंतर. गेल्या जूनमध्ये हा प्रश्न पहिल्यांदा कानावर आला तेव्हा मी आणि ताई एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसलो. आम्हा लातूरच्या पोरींना पुण्यातले एरिया माहीत होते ते नातेवाइकांच्या पत्त्यांवरून. कोथरूड म्हणजे आत्याचं घर, बिबवेवाडी म्हणजे बाबांचे मित्र आणि डेक्कन म्हणजे पुण्याला आलं की फिरायला जायचं ते. भाड्यानं राहायला कुठे जायचं असतं, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

ताई माझी मावसबहीण. तिला हिंजवडीत फेज थ्रीला नोकरी लागली आणि त्याच महिन्यात मला इथे पेपरात इंटर्नशिप मिळाली. तिचं ऑफिस शहराच्या पार पश्चिमेला, माझं शिवाजीनगरच्या आसपास. तिला पगार, मला स्टायपेंड (किती ते विचारू नका). घरच्यांची अट एकच, दोघी एकत्र राहा. आईची अजून एक होती, ‘पाण्याचं बघून घ्या.’ तिच्याकडे नंतर येते.

पहिली चूक आम्ही केली ती नकाशा उघडून. ताईच्या ऑफिसपासून किलोमीटर मोजले आणि वाकड फायनल करून टाकलं. रविवारी दुपारी रिक्षानं जाऊन आलो. रस्ते मोकळे, सोसायट्या चकाचक, गेटवर सिक्युरिटी, खाली सुपरमार्केट. हरखून गेलो. नशीब, ताईनं टोकन द्यायच्या आधी सोमवारी सकाळी तोच रस्ता एकदा करून बघितला. नऊ वाजता ती भूमकर चौकात पोचली आणि तिथेच राहिली. रविवारी ज्या रस्त्याला वीस मिनिटं लागली होती, त्याला सोमवारी तास लागला. संध्याकाळी परतताना पाऊस आला, तेव्हाचं तर ती अजून सांगत नाही. पुण्यात जो अंतर किलोमीटरमध्ये सांगतो तो नवा आलाय, हे मला आता लगेच ओळखू येतं. जुने लोक ‘सकाळी पाऊण तास, संध्याकाळी दीड’ असं सांगतात.

मग वाटलं, हिंजवडीतच राहावं. ताईनं एक महिना तिथल्या पीजीत काढलाही, तीन शेअरिंगमध्ये. हे मात्र खरंच बरं झालं. नवीन शहरात आल्या आल्या अकरा महिन्यांचा करार करण्यापेक्षा महिनाभर पीजीत पडून राहावं आणि सुटीच्या दिवशी एरिया फिरावेत. ऑफिसला चालत जायची मजा तिनं त्या महिन्यात घेतली आणि रात्री साडेआठनंतर खाली उतरायची भीतीही. कंपन्यांच्या दिव्यांचा झगमगाट संपला की पुढच्या गल्लीत दिवाच नाही. आम्ही घर बघत होतो तेव्हा हिंजवडी, माण, मारुंजी इथला कारभार ग्रामपंचायतींकडे होता. वीस मजली इमारत आणि तिच्या दाराशी गावचा रस्ता. ताई म्हणाली, ‘इथे नोकरी करता येते, राहता येत नाही.’ तिची मतं अशी टोकाची असतात. तिथे मजेत राहणारेही तिच्या टीममध्ये आहेत, फक्त त्यांच्याकडे गाडी आहे.

आता पाणी. लातूरच्या माणसानं घर बघताना आधी किचन बघायचं नसतं, नळ बघायचा असतो. २०१६ मध्ये मिरजेहून आमच्याकडे रेल्वेनं पाणी आलं होतं. मी तेव्हा शाळेत होते. स्टेशनवर ती गाडी बघायला अख्खा वर्ग गेला होता आणि घरी आल्यावर आईनं हात धुवायला तांब्याभर पाणी मोजून दिलं होतं. त्यामुळे वाकडच्या एका सोसायटीत ब्रोकरनं ‘पाण्याचं काही टेन्शन नाही, टँकर येतो’ असं अभिमानानं सांगितलं, तेव्हा आम्ही दोघी एकदमच हसलो. त्याला काही कळलं नाही. टँकर येतो म्हणजेच टेन्शन आहे ना दादा! मग आम्ही आमचा एक नियम केला. फ्लॅट बघून झाला की ब्रोकरला पुढे जाऊ द्यायचं आणि वॉचमनला किंवा लिफ्टमध्ये भेटणाऱ्या काकूंना विचारायचं, ‘उन्हाळ्यात टँकर किती येतात? त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये की वेगळे?’ जे ब्रोकर सांगत नाही ते काकू सांगतात. शिवाय वरच्या मजल्यावरचा कुत्रा, लिफ्ट कधी बंद असते, आधीचे भाडेकरू का गेले, हेही सांगतात.

तिसऱ्या आठवड्यात कर्वेनगर बघितलं आणि आम्ही दोघी प्रेमात पडलो. महर्षी कर्व्यांच्या संस्थेमुळे तो भागच मुलींचा आहे. होस्टेलं, मेस, पोळी-भाजी केंद्रं, झेरॉक्सची दुकानं. रात्री दहा वाजता मुली आइस्क्रीम खात चालत होत्या आणि त्यांच्याकडे कुणी वळून बघत नव्हतं. मला वाटतं, मुलीनं एरिया निवडताना हीच परीक्षा घ्यावी, रात्री दहाला एकदा तिथे चालून बघावं. ताईचा प्रवास लांबणार होता. वारजे, चांदणी चौक, मग हायवे धरून वाकड आणि पुढे. जायला सव्वा तास धरला होता. तरी ती तयार झाली. ‘बसमध्ये झोपीन,’ म्हणाली.

टू बीएचके मिळत होता चोवीस हजारांत. दोघींना परवडणारा नव्हता, तिघींना होता. तिसरी आमच्याकडे होती, ताईच्या ऑफिसातली मैत्रीण, नांदेडची. पीजीत दोघी एकाच खोलीत होत्या. शांत मुलगी, स्वयंपाक आमच्या दोघींपेक्षा चांगला करते, भांडी लगेच घासते. रूममेट म्हणून अजून काय हवं?

घरमालकांशी सगळं ठरलं. डिपॉझिट तीन महिन्यांचं, ब्रोकरला एक भाडं. मग ब्रोकरनं अ‍ॅग्रीमेंटसाठी तिघींची नावं मागितली. ताईनं व्हॉट्सअ‍ॅप केली. निळी खूण झाली आणि दोन तास काहीच नाही. संध्याकाळी फोन आला. ‘मॅडम, ओनरच्या भाच्याला अचानक फ्लॅट लागतोय.’ ताई म्हणाली, बरं, दुसरा दाखवा. तो जरा घुटमळला आणि म्हणाला, ‘तुम्हा दोघींसाठी लगेच दाखवतो. त्या तिसऱ्या मॅडमना कोंढव्यात बघायला सांगा ना, तिकडे त्यांना बरं पडेल.’

तिसरी मैत्रीण मुस्लिम आहे. मी हे इतका वेळ लिहिलं नव्हतं, कारण तोपर्यंत ते लिहिण्यासारखं काही आहे असं आम्हाला वाटलंच नव्हतं. कोंढव्यापासून फेज थ्री किती लांब आहे हे त्या ब्रोकरला आमच्यापेक्षा चांगलं माहीत असणार.

खरी लाज मला पुढच्या दोन दिवसांची वाटते. त्या दोन दिवसांत मी आणि ताई हळू आवाजात हिशेब करत होतो, दोघींनीच वन बीएचके घेतला तर? आत्यानंही फोनवर तेच सुचवलं, ‘तुम्ही कशाला त्या भानगडीत पडता?’ मैत्रिणीला हे न सांगताच कळलं होतं. ती म्हणाली, ‘तुम्ही बघा तुमचं, मी पीजीत राहते.’ मग जरा थांबून म्हणाली, ‘आणि माझ्यासोबत बघणार असाल तर पहिल्या फोनलाच माझं नाव सांगत जा. पेट्रोल वाचतं.’ तिनं हे अगदी टिप दिल्यासारखं सांगितलं. तिच्या मोठ्या भावानं तिला सांगितलं होतं म्हणे.

त्यानंतर आम्ही तसंच केलं. ‘नमस्कार, तिघी आहोत, नोकरी करतो, नावं अशी अशी.’ काही फोन तिथेच संपायचे. ‘ओन्ली फॅमिली’, ‘व्हेज ओन्ली’, ‘बॅचलर नको’, नाहीतर ‘कळवतो’. एकानं तर माझं आडनाव ऐकून विचारलं, ‘म्हणजे तुमच्यात कोण?’ एरिया निवडायचा असतो असं आपण म्हणतो, पण निम्मे एरियाच आपल्याला निवडत असतात. हे मला बावीस वर्षांत पहिल्यांदा कळलं आणि मैत्रिणीला ते बहुतेक आठवीत असल्यापासून माहीत होतं.

(मध्येच एक सावधगिरीची गोष्ट. ऑनलाइन जाहिरातीत एक फारच स्वस्त फ्लॅट दिसला. ‘मालक’ म्हणे सैन्यात, बदली झालेली, घर बघायला गेटपाससाठी आधी क्यूआर कोडवर पैसे पाठवा. पाठवू नका. ही फसवणूक जुनी आहे आणि अजून चालते.)

सांगवी सुचवली ती आमच्या ऑफिसात पानं लावणाऱ्या काकांनी. ते मूळचे धाराशिवचे, राहतात पिंपळे गुरवला. ‘मराठवाड्याची पोरं आमच्याकडंच असतात की. तिकडं कशाला हिंडताय?’ नकाशा पुन्हा उघडला, या वेळी दोन टोकं धरून. नवी सांगवी दोघींच्या ऑफिसच्या मधोमध होती. दापोडीला मेट्रो. सांगवी फाट्यावर ताईच्या कंपनीची बस थांबते. काकांनी एक अट मात्र घातली, नदीकडच्या गल्ल्या सोडून बघा. मुळा आणि पवना तिथे जवळच मिळतात, आणि धरणांतून पाणी सोडलं की जुन्या सांगवीतल्या काही वस्त्यांत ते घुसतं. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत काय झालं ते बातम्यांत बघितलं होतंच. घर बघायला उन्हाळ्यात गेलात तर पावसाळ्यात इथे पाणी कुठवर येतं, हे किराणा दुकानदाराला विचारा. तो भिंतीवरची खूण दाखवतो.

आमचं घर एका बंगलीच्या पहिल्या मजल्यावर आहे. सोसायटी नाही, लिफ्ट नाही, जिम तर नाहीच. खाली मालक, पिंपरीतल्या कंपनीतून रिटायर झालेले काका आणि काकू. काकूंना तिघींची नावं दारातच सांगितली. त्यांनी मैत्रिणीकडे जरा बघितलं आणि आम्ही श्वास रोखला. काकूंनी विचारलं, ‘तुझी नाइट शिफ्ट असते का गं? रात्री गेट वाजलं की शेजारचा कुत्रा तासभर भुंकतो.’ नाही म्हटल्यावर त्या चहा टाकायला आत गेल्या. उगाच गोड चित्र रंगवत नाही. मुलं वर यायची नाहीत, गेट साडेदहाला बंद, वाळत घातलेले कपडे रस्त्याच्या बाजूला दिसायला नकोत, हेही त्यांनी त्याच चहाबरोबर सांगितलं. साडेदहावरून आमची अजून वादावादी चालू आहे.

करार रजिस्टर करून घ्या असं बाबांनी बजावलं होतं. ‘अकरा महिन्यांचा असेल तर नोटरी चालते’ असं आम्हाला तीन ब्रोकरांनी सांगितलं. ते खरं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणी केलेलाच लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. हे मालकांना सांगितलं की ते पटकन तयार होतात. आधार आणि अंगठा घेऊन सगळं घरबसल्या ऑनलाइन होतं, महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार रुपये. आमच्या करारावर तीन नावं आहेत. मैत्रिणीनं त्याची पीडीएफ लगेच तिच्या अब्बूंना पाठवली आणि मग जिन्यात उभी राहून बराच वेळ फोनवर बोलत होती.

ताई आता सकाळी पावणेआठला बसमध्ये बसते आणि खरंच झोपते. मला मेट्रो धरून ऑफिसला पोचायला पाऊण तास लागतो. भाजीवाल्या मावशी उदगीरच्या आहेत, त्यामुळे ‘कोथिंबीर तशीच घाल की’ म्हणायची सोय झाली. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या अखेरीपासून दिवसाआड पाणी येतं. इथले लोक त्यावर तक्रार करतात. आम्ही गप्प बसतो.

दिवाळीनंतर आई आली होती. आल्या आल्या चपला काढायच्या आधी तिनं मोरीतला नळ सोडून बघितला. नेमका पाण्याचा दिवस नव्हता. मैत्रीण म्हणाली, ‘मावशी, टाकी भरलेली आहे, वरचा कॉक फिरवा.’ आईनं फिरवला. मग रात्री जेवताना तिनं मैत्रिणीला तिच्या हातच्या डाळीत काय घालतेस ते दोनदा विचारलं, आणि आत्याला फोन लावून म्हणाली, ‘तिघी आहेत. पाणी आहे.’