सीमापार विमानतळ आणि कौटुंबिक विमानप्रवासातील बचत : कॅनडा-अमेरिका सीमेच्या संदर्भात एक विवेचन

प्रास्ताविक

विमानप्रवास ही आज केवळ श्रीमंत वर्गाची मिरासदारी राहिलेली नाही. सुट्टीच्या काळात मुलाबाळांसह विमानाने प्रवास करणारा मध्यमवर्ग जगाच्या बहुतेक भागांत दिसतो. मात्र कुटुंबाच्या सहलीचा खर्च मांडताना तिकिटांची रक्कम डोक्यामागे वाढत जाते आणि एका व्यक्तीला किरकोळ वाटणारा भाडेफरक चार जणांच्या कुटुंबाला मोठा वाटू लागतो. या परिस्थितीतून निर्माण झालेला एक लक्षणीय प्रघात म्हणजे स्वतःच्या देशातील जवळचा विमानतळ सोडून, सीमा ओलांडून, शेजारी देशाच्या विमानतळावरून प्रवास करणे.

या प्रघाताचे ठळक उदाहरण कॅनडा व अमेरिकेची संयुक्त संस्थाने यांच्या सीमेवर आढळते. कॅनडाची बहुसंख्य लोकवस्ती दक्षिण सीमेलगतच्या पट्ट्यात एकवटलेली असल्याने अनेक मोठ्या शहरांपासून अमेरिकी विमानतळ एक-दोन तासांच्या अंतरावर आहेत. प्रस्तुत लेखात या प्रघातामागील आर्थिक कारणे, कुटुंबाच्या दृष्टीने होणाऱ्या बचतीचे खरे गणित, त्यातील जोखीम व मर्यादा यांचे विवेचन केले आहे.

सीमापार विमानतळांचे स्वरूप

टोरांटो परिसरातील प्रवासी पीस ब्रिजसारख्या सीमापुलांवरून नायगारा नदी ओलांडून बफलो येथील विमानतळ गाठतात. हे अंतर सुमारे १७० किलोमीटर आहे. व्हँकूव्हरच्या रहिवाशांना वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम जवळ पडते, तर विंडसरच्या रहिवाशांना नदीपलीकडील डेट्रॉइट.

माँट्रियलपासून सुमारे १०० किलोमीटरवर असलेल्या प्लॅट्सबर्गचे उदाहरण विशेष बोलके आहे. तेथील हवाई दलाचा तळ १९९५ मध्ये बंद झाला. त्यामुळे त्या छोट्या गावाच्या अर्थव्यवस्थेला धक्का बसला. त्याच धावपट्टीवर २००७ मध्ये नागरी विमानतळ सुरू झाला आणि 'माँट्रियलचा अमेरिकी विमानतळ' अशी त्याची जाहिरात करण्यात आली. तेथील फलक इंग्रजीबरोबर फ्रेंच भाषेतही लावले गेले. एका देशातील विमानतळाने आपला ग्राहकवर्ग उघडपणे दुसऱ्या देशात शोधावा, यातच भाडेफरकाचे प्रमाण लक्षात येते.

कॅनडाच्या कॉन्फरन्स बोर्ड या संशोधनसंस्थेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार त्या काळात दरवर्षी सुमारे ५० लाख कॅनडियन प्रवासी अमेरिकी विमानतळांचा वापर करीत होते. मूळ भाड्यातील तफावत सुमारे ३० टक्के असल्याचे आणि योग्य धोरणबदल केल्यास २० लाखांहून अधिक प्रवासी परत वळू शकतील, असेही त्या अहवालाने नमूद केले होते.

भाडेफरकाची कारणे

दोन देशांतील भाडेफरकाकडे विमान कंपन्यांच्या उदारपणाचा किंवा हावरटपणाचा परिणाम म्हणून पाहणे अपुरे ठरते. त्यामागे प्रामुख्याने तीन कारणे संभवतात.

पहिले कारण विमानतळांच्या अर्थव्यवस्थेत आहे. कॅनडाने १९९० च्या दशकात प्रमुख विमानतळांचे व्यवस्थापन ना-नफा तत्त्वावरील स्थानिक प्राधिकरणांकडे सोपविले. १९९४ च्या राष्ट्रीय विमानतळ धोरणाने या प्रक्रियेला निश्चित रूप दिले. जमिनीची मालकी मात्र केंद्र सरकारकडेच राहिली. परिणामी प्राधिकरणे सरकारला जमिनीचे भाडे देतात, बांधकामासाठी कर्ज काढतात आणि हा सर्व खर्च विमान कंपन्या व प्रवासी यांच्याकडून वसूल करतात. 'विमानतळ सुधारणा शुल्क' हे याच वसुलीचे एक रूप असून अनेक मोठ्या विमानतळांवर ते प्रत्येक प्रस्थानामागे ३० कॅनडियन डॉलर वा त्याहून अधिक आहे. हवाई वाहतूक नियंत्रणाचे काम १९९६ मध्ये 'नॅव्ह कॅनडा' या स्वतंत्र संस्थेकडे गेले व तिचा खर्चही शुल्कांतून भागविला जातो. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर, २००२ पासून, सुरक्षा शुल्काची त्यात भर पडली. थोडक्यात, 'जो वापरतो त्याने भरावे' हे या व्यवस्थेचे सूत्र आहे.

अमेरिकेत बहुतेक विमानतळ शहर, जिल्हा किंवा स्थानिक सार्वजनिक प्राधिकरणांच्या मालकीचे आहेत. धावपट्ट्या व तत्सम कामांसाठी त्यांना १९७० मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय विश्वस्त निधीतून अनुदान मिळते. विमानतळाने प्रवाशाकडून थेट घ्यावयाच्या शुल्काला २००० च्या कायद्याने प्रत्येक उड्डाणामागे साडेचार डॉलरची मर्यादा घातली आहे. अमेरिकी प्रवासी करमुक्त आहे असे नव्हे. देशांतर्गत तिकिटावर साडेसात टक्के कर, शिवाय काही ठरावीक आकार व सुरक्षा शुल्क तोही भरतो. परंतु या कराचा मुख्य भाग भाड्याच्या टक्केवारीत असल्याने तिकीट जितके स्वस्त, तितका कर कमी. याउलट ठरावीक रकमेचे शुल्क स्वस्त तिकिटावर अधिक जड पडते. सहलीचे कुटुंब नेमके स्वस्त तिकीट शोधत असते आणि स्वतंत्र आसन घेणाऱ्या प्रत्येक मुलामागे हे शुल्क पुन्हा भरते. कॅनडियन शुल्करचना कुटुंबांना विशेष का जाचते, याचे उत्तर येथे मिळते.

दुसरे कारण मार्गाच्या वर्गीकरणाशी निगडित आहे. टोरांटो ते ऑरलँडो हा प्रवास आंतरराष्ट्रीय ठरतो. त्यावर अमेरिकेचे आंतरराष्ट्रीय आगमन-निर्गमन कर, तसेच सीमाशुल्क, आप्रवासन व कृषी तपासणीची शुल्के लागू होतात. बफलो ते ऑरलँडो हा प्रवास देशांतर्गत असल्याने या रकमा त्यावर नसतात. मोटारीने सीमा ओलांडल्याबरोबर प्रवाशाच्या तिकिटाचा वर्गच बदलतो.

तिसरे कारण बाजारपेठेच्या आकारमानात व स्पर्धेत आहे. अमेरिकेची लोकसंख्या कॅनडाच्या आठपटींहून अधिक आहे. तेथे १९७८ मध्ये विमानवाहतूक नियंत्रणमुक्त झाली आणि अल्पदरी कंपन्यांना मोठे क्षेत्र मिळाले. कॅनडात एअर कॅनडा व वेस्टजेट या दोन कंपन्यांचे वर्चस्व असून अनेक नव्या कंपन्या अल्पकाळात बंद पडल्या. जेट्सगो २००५ मध्ये, तर लिंक्स एअर २०२४ मध्ये बंद पडली.

कुटुंबाच्या बचतीचे गणित

सीमापार प्रवासात बचत डोक्यामागे होते, परंतु अतिरिक्त खर्च बहुतांशी मोटारीमागे होतो. इंधन, वाहनतळाचे भाडे, पहाटेच्या विमानासाठी आदल्या रात्रीचा हॉटेलमुक्काम हे खर्च एक प्रवासी असो वा चार, जवळजवळ तेवढेच राहतात. म्हणूनच एकट्या प्रवाशाला न परवडणारा मार्ग कुटुंबाला परवडतो.

हे स्पष्ट करण्यासाठी काही रकमा गृहीत धरता येतील; त्या केवळ उदाहरणादाखल आहेत. सामानाच्या आकारासह टोरांटोहून जाऊन-येऊन तिकीट ४५० कॅनडियन डॉलर आणि बफलोहून २२५ अमेरिकी डॉलर आहे, असे समजू. एक कॅनडियन डॉलर ७५ अमेरिकी सेंटचा असेल, तर बफलोचे तिकीट ३०० कॅनडियन डॉलरला पडते. म्हणजे माणशी बचत १५० डॉलर. बफलोला जाण्यायेण्याचे इंधन ४५, सात दिवसांचे वाहनतळभाडे १०५, एका रात्रीचा मुक्काम १६० आणि किरकोळ खर्च ४० मिळून ३५० डॉलर होतात. टोरांटोच्या विमानतळावर जाण्यायेण्यासाठी लागणारे १२० डॉलर यातून वजा केल्यास खरा अतिरिक्त खर्च २३० डॉलर उरतो.

आता एकट्या प्रवाशाला १५० डॉलर वाचविण्यासाठी २३० डॉलर खर्च करावे लागतात. म्हणजे ८० डॉलरचा तोटा. दोघांना ७० डॉलर, तिघांना २२० डॉलर आणि चौघांना ३७० डॉलर निव्वळ लाभ होतो. हॉटेलमुक्काम टाळता आला, तर एकट्यालाही ८० डॉलर वाचतात. यावरून बचतीचे दोन निर्णायक घटक लक्षात येतात : प्रवाशांची संख्या आणि विमानाची वेळ.

तिसरा घटक विनिमय दराचा आहे. दोन्ही डॉलर समान मूल्याचे असतील, तर वरील उदाहरणात चौघांचा निव्वळ लाभ ६७० डॉलरपर्यंत जातो. कॅनडियन डॉलर ७० सेंटवर उतरल्यास तो सुमारे २८५ डॉलरवर येतो. यात इतर खर्च कायम धरले आहेत. प्रत्यक्षात अमेरिकेतील हॉटेल व वाहनतळही महागतात. २०११-१२ च्या सुमारास दोन्ही चलने जवळजवळ समान मूल्यावर होती. त्याच काळात या प्रघाताला बहर आला, हा योगायोग म्हणता येणार नाही. जानेवारी २०१६ मध्ये कॅनडियन डॉलर ७० सेंटच्याही खाली गेला, तेव्हा सीमापार विमानतळांचे आकर्षण साहजिकच ओसरले.

जोखीम व मर्यादा

रुपया-पैशांत न मोजली जाणारी किंमतही विचारात घेणे आवश्यक आहे. अल्पदरी कंपन्यांची छोट्या विमानतळांवरील उड्डाणे अनेकदा आठवड्यातून दोन-तीनच असतात. सीमेवरील रांगेमुळे विमान चुकले अथवा उड्डाण रद्द झाले, तर पुढील विमानासाठी काही दिवस थांबण्याची वेळ येऊ शकते. लहान मुलांसह असा खोळंबा झाल्यास वाचलेली रक्कम हॉटेलातच संपते.

प्रवाशांच्या हक्कांमधील फरकही महत्त्वाचा आहे. कॅनडाने २०१९ मध्ये लागू केलेल्या नियमांनुसार विमान कंपनीच्या नियंत्रणातील कारणांमुळे मोठा विलंब झाल्यास विहित मर्यादेत भरपाई मिळू शकते. हे नियम कॅनडातून निघणाऱ्या, कॅनडात येणाऱ्या व कॅनडांतर्गत उड्डाणांना लागू आहेत. बफलो-ऑरलँडो उड्डाण त्यांच्या कक्षेबाहेर राहते. अमेरिकेत रद्द उड्डाणाचे पैसे परत मिळण्याची तरतूद आहे, परंतु विलंबासाठी रोख भरपाई देण्याचे कायदेशीर बंधन नाही. स्वस्त तिकीट घेताना कुटुंब नकळत एक संरक्षण सोडून देत असते.

याहून मूलभूत मर्यादा नागरिकत्वाची आहे. १ जून २००९ पासून रस्त्याने अमेरिकेत प्रवेश करणाऱ्या प्रौढ कॅनडियन नागरिकालाही पारपत्र अथवा तत्सम मान्य दस्तऐवज दाखवावा लागतो. व्हिसाची मात्र सामान्यतः गरज नसते. टोरांटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन परिसरात स्थायिक झालेल्या, परंतु अद्याप भारतीय पारपत्र बाळगणाऱ्या मराठी कुटुंबांची स्थिती वेगळी आहे. राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना कॅनडाचे स्थायी निवासी म्हणून अमेरिकी व्हिसातून मिळणारी सवलत मार्च २००३ मध्ये रद्द झाली. तेव्हापासून अशा कुटुंबातील प्रत्येक सदस्याला अमेरिकेचा व्हिसा घ्यावा लागतो. सहल फ्लोरिडाचीच असेल, तर व्हिसा तसाही लागतोच. परंतु मेक्सिको वा कॅरिबियन बेटांकडे जाण्यासाठी केवळ स्वस्त विमानतळ म्हणून बफलो निवडणाऱ्या कुटुंबाला व्हिसाचा खर्च व प्रतीक्षा हा निव्वळ जादा भार ठरतो. भारतातून पाहुणे म्हणून आलेले आजी-आजोबा बरोबर असतील, तर कॅनडाचा व्हिसा त्यांना अमेरिकेत प्रवेशासाठी उपयोगी पडत नाही. त्यामुळे एकाच मोटारीत बसलेल्या कुटुंबातही ही बचत सर्वांना सारखी खुली नसते.

सीमेवरील अवलंबित्वाचे परिणाम २०२० मध्ये ठळकपणे समोर आले. करोना साथीमुळे मार्च २०२० मध्ये भू-सीमा अनावश्यक प्रवासासाठी बंद झाली आणि लसीकरण झालेल्या कॅनडियन प्रवाशांसाठी अमेरिकेने ती ८ नोव्हेंबर २०२१ रोजी खुली केली. पुढे २०२५ मध्ये दोन्ही देशांतील व्यापारी व राजकीय तणावामुळे कॅनडियन नागरिकांच्या मोटारीने होणाऱ्या अमेरिकावाऱ्या अनेक महिने आदल्या वर्षाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशाने घटल्या. परदेशी ग्राहकांवर उभ्या राहिलेल्या विमानतळांचे भवितव्य किती नाजूक असते, याचा यातून प्रत्यय येतो.

धोरणात्मक अर्थ

प्रवासीगळतीचा प्रश्न कॅनडाच्या संसदेपर्यंत पोहोचला. सिनेटच्या वाहतूक व दळणवळण समितीने जून २०१२ च्या अहवालात विमानतळांकडे टोलनाका म्हणून पाहावे की आर्थिक विकासाला चालना देणारे साधन म्हणून, असा प्रश्न उपस्थित केला आणि जमीनभाडे टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस केली.

मात्र या प्रश्नाला दुसरी बाजू आहे. विमानतळांचा भार प्रवाशांवरून काढला, तर तो सामान्य करदात्यावर पडेल. त्यात विमानाने कधीच प्रवास न करणाराही आला. वापरणाऱ्याने भरावे हे सूत्र या दृष्टीने न्याय्य वाटते. अडचण अशी की, ज्याच्याजवळ मोटार, पारपत्र आणि सवड आहे, तो सीमा ओलांडून या सूत्रातून निसटतो. ज्याच्याजवळ ती नाहीत, तो पूर्ण शुल्क भरतो. सीमेलगत राहणाऱ्याला जो पर्याय आहे, तो उत्तरेकडील दूरच्या वस्तीतील कुटुंबाला नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, सीमापार विमानतळावरील बचत ही दोन देशांच्या खर्चवाटपाच्या पद्धतींमधील, बाजारपेठांमधील व चलनमूल्यांमधील फरकातून निर्माण होते. कुटुंबाच्या दृष्टीने तिकिटांतील फरक ही केवळ सुरुवात आहे. त्यातून मोटारीमागचा खर्च, व्हिसा व कागदपत्रांचा खर्च आणि खोळंब्याची जोखीम वजा केल्यावर जे उरते, तीच खरी बचत होय. चार जणांच्या कुटुंबाला ती अनेकदा भरघोस असते, एकट्याला क्वचितच.

धोरणकर्त्यांच्या दृष्टीने सीमेपलीकडच्या वाहनतळात उभी असलेली प्रत्येक कॅनडियन मोटार हा शुल्करचनेवरचा एक मूक अभिप्राय आहे. तो वाचताना जे सीमा ओलांडून गेले त्यांच्याबरोबरच, ज्यांना ती ओलांडता आली नाही त्यांचाही हिशेब मांडला जाणे अगत्याचे आहे.