जळजळ छातीत, सुई मनगटावर

जठराची ‘ची’, म्हणजे तिथली प्राणशक्ती, खाली वाहायला हवी. ती उलटी फिरली की आंबट ढेकर, मळमळ, छातीत जळजळ. चिनी वैद्यकाचं ॲसिड रिफ्लक्सबद्दलचं निदान थोडक्यात असं आहे. आपले डॉक्टर बोट ठेवतात ते अन्ननलिकेच्या तळाशी असलेल्या स्नायूंच्या झडपेवर: ती अवेळी सैलावते आणि आम्ल वर चढतं.

गंमत म्हणजे ॲक्युपंक्चरची, म्हणजे सुयांच्या चिनी उपचाराची, परीक्षाही याच झडपेवर झाली. मनगटाच्या आतल्या घडीपासून साधारण तीन बोटं वर ‘नेइग्वान’ हा बिंदू आहे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी निरोगी माणसांच्या या बिंदूवर सौम्य वीजप्रवाह दिला, तेव्हा झडप सैलावण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटलं. हे २००५ मधलं. रुग्णांवरचा अमेरिकी प्रयोग २००७ चा. आम्ल कमी करणारी गोळी चालू असूनही जळजळ न थांबलेले ३० जण त्यात होते. काहींची गोळी दुप्पट केली. बाकीच्यांना तीच गोळी आणि चार आठवडे, आठवड्यातून दोनदा सुया. आराम सुयांच्या गटाला जास्त पडला. मात्र ३० ही संख्या फारच तोकडी, आणि तुलनेसाठी खोट्या सुया टोचलेला गट नव्हता. त्यामुळे गुण सुईचा किती आणि आपुलकीने झालेल्या विचारपुशीचा किती, हे त्यातून ठरत नाही.

चिनी औषधांत चौदाव्या शतकातल्या चू तान्शी या वैद्याच्या परंपरेतली एक गोळी प्रसिद्ध आहे: सहा भाग कडूजहर हुआंगल्यान, एक भाग तिखट वूचूयू. दुसरं औषध आपल्या ओळखीचं. कटलफिशचं हाड, आयुर्वेदातलं समुद्रफेन. त्यात मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असतं, आणि दुकानात मिळणाऱ्या चघळायच्या कित्येक ॲंटासिड गोळ्यांतही तेच! हुआंगल्यानमधलं बर्बेरीन मात्र इतर औषधांच्या परिणामात ढवळाढवळ करू शकतं. नेहमीच्या गोळ्या चालू असतील तर ते परस्पर घेऊ नये.

माझं मत विचाराल तर डॉक्टरांच्या गोळीने पुरता आराम नसेल, तेव्हा जोडीला सुया करून पाहायला हरकत नाही; गोळीऐवजी नको. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आहे, तेव्हा उपचारकाची नोंदणी बघा आणि सुया एकदाच वापरायच्या, निर्जंतुक आहेत ना, हे बेधडक विचारा. घास अडकत असेल, वजन उतरत असेल किंवा शौचाला काळं होत असेल, तर आधी एंडोस्कोपीबद्दल डॉक्टरांना विचारा. छातीतली कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, तर पित्त समजून घरी थांबू नका, तडक रुग्णालय गाठा.