खाऱ्या हवेतील संगणक : ताप आणि दाब

मे महिन्यात तारकर्लीच्या किनाऱ्यावर पर्यटकांची झुंबड उडते. समुद्राच्या तळाशी स्कुबा डायव्हिंग करून आलेल्या पाहुण्याला आपली चित्रफीत हातोहात हवी असते. किनाऱ्याजवळच्या एखाद्या पत्र्याच्या खोलीतील संगणकावर अशा चित्रफितींचे संकलन दिवसभर सुरू राहते. दुपारी दोनच्या सुमारास पंख्याचा आवाज वाढतो, काम मंदावते आणि काही वेळाने संगणक आपोआप बंद पडतो. मालक विजेला दोष देतो, तर दुरुस्ती करणारा व्हायरसची शंका घेतो. पुष्कळदा खरे कारण प्रोसेसरला चढलेला ताप हे असते. त्या तापाचे विद्युतदाबाशी म्हणजेच व्होल्टेजशी असलेले नाते मात्र फारसे कोणी लक्षात घेत नाही.

प्रोसेसरमध्ये कोट्यवधी सूक्ष्म ट्रान्झिस्टर सेकंदाला अब्जावधी वेळा उघडझाप करीत असतात. प्रत्येक उघडझापीला थोडी वीज लागते आणि ती सारी अखेरीस उष्णतेच्याच रूपाने बाहेर पडते. ही उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते. विद्युतदाबाच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग तोच ठेवून प्रोसेसरचा दाब १.३ व्होल्टवरून १.२ व्होल्टवर आणला, तर या उघडझापीसाठी लागणारी वीज सुमारे १५ टक्क्यांनी घटते. दाबातील एवढासा फरक उष्णतेत मोठा दिसतो, तो याच कारणाने.

दोन वेगळे दाब

येथे एक गल्लत टाळावयास हवी. भिंतीवरील प्लगमध्ये असलेला २३० व्होल्टचा दाब आणि प्रोसेसरला मिळणारा दाब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरातील वीज प्रथम एसएमपीएसमध्ये येते. तेथे तिचे १२ व्होल्टच्या एकदिश प्रवाहात रूपांतर होते. त्यानंतर मदरबोर्डवरील नियंत्रक मंडल तो दाब सुमारे एक ते सव्वा व्होल्टपर्यंत उतरवून प्रोसेसरला पुरवते. त्यामुळे गावातील वीज थोडी वरखाली झाली, तरी प्रोसेसरचा दाब सहसा ढळत नाही. ताण पडतो तो एसएमपीएसवर. तेवढेच काम करण्यासाठी लागणारी वीज ठरलेली असल्याने दाब २३० वरून १८० व्होल्टवर उतरला की त्याला सुमारे २८ टक्के अधिक प्रवाह ओढावा लागतो आणि तो तापतो.

प्रोसेसरच्या स्वतःच्या दाबाचे प्रकरण किती गंभीर असू शकते, हे अलीकडच्या दोन घटनांनी जगाला दाखवले. एप्रिल २०२३ मध्ये एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतील काही प्रोसेसर मदरबोर्डवरच जळाल्याचे प्रकार उघडकीस आले. त्यानंतर प्रोसेसरच्या एका भागाला मिळणारा दाब १.३ व्होल्टपर्यंत मर्यादित करणारे नवे बायोस देण्यात आले. जुलै २०२४ मध्ये इंटेलने आपल्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसरच्या अस्थिरतेमागे प्रमाणाबाहेर वाढणारा दाब असल्याचे मान्य केले. ऑगस्टमध्ये बायोसमार्फत त्यावरील सुधारणा देण्यात आली आणि हमीचा कालावधी दोन वर्षांनी वाढविण्यात आला. या सुधारणेमुळे पुढील हानी टळते. आधीच झालेली हानी मात्र भरून निघत नाही. म्हणून या पिढीतील प्रोसेसर वापरणाऱ्याने बायोस अद्ययावत करून घेणे हे पहिले कर्तव्य ठरते.

किनाऱ्याची हवा

मालवण, वेंगुर्ले, देवगड येथे उन्हाळ्यात विदर्भासारखा पारा चढत नाही. तरीही माणूस घामाघूम होतो, कारण दमट हवेत घाम वाळत नाही. प्रोसेसरला घाम येत नसल्याने दमटपणाने त्याचा ताप थेट वाढत नाही. त्याला खोलीच्या तापमानाशी कर्तव्य असते. खोली २२ ऐवजी ३४ अंशांवर असेल, तर तेच काम करताना प्रोसेसरही साधारण १२ अंशांनी अधिक तापतो. पत्र्याच्या छपराखाली किंवा बंद कपाटात ठेवलेल्या संगणकाची अवस्था याहून बिकट असते.

दमट हवेचे खरे संकट मिठाच्या रूपाने येते. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की मीठ पाणी शोषून विरघळू लागते. पावसाळ्यात किनाऱ्यावर ही पातळी नित्याचीच असते. धुळीबरोबर मदरबोर्डवर बसलेला हा थर ओला झाला की धातूला गंज चढतो आणि नको तेथे वीज वाहू लागते. हीट सिंकच्या पात्यांतही हीच चिकट धूळ अडकते आणि वाऱ्याची वाट बुजते.

विजेचा लपंडाव हा या किनाऱ्याचा आणखी एक जुना अनुभव. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात सिंधुदुर्गात विजेचे खांब व तारा कोसळून अनेक गावे काही दिवस अंधारात होती. एरवीही माडाची झावळ तारेवर पडली, तरी पुरवठा खंडित होतो. अशा वेळी न्यूट्रलची तार तुटल्यास घरातील दाब ४०० व्होल्टच्या दिशेने झेपावू शकतो. वादळात संगणकाचा प्लग आणि इंटरनेटची तांब्याची तार काढून ठेवावी. वीज परत आल्यावर लगेच संगणक सुरू न करता पंधरावीस मिनिटे थांबावे. जुन्या एसएमपीएसच्या मागे ११५ व २३० असे लिहिलेले लाल बटण असल्यास ते २३० वरच असल्याची खात्री करावी. जांभ्याच्या कातळावर अर्थिंगचा खड्डा पुरेसा खोल घेणे कठीण जाते. त्यामुळे अर्थिंगची तपासणी जाणकार वायरमनकडून उन्हाळ्यातच करून घ्यावी.

उपाय क्रमाक्रमाने

प्रथम मोजमाप करावे. बायोसमध्ये अथवा मोफत मिळणाऱ्या प्रणालींत प्रोसेसरचे तापमान व दाब दिसतो. बायोसमधील आकडा फारसे काम नसतानाचा असतो. म्हणून नेहमीचे जड काम अर्धा तास चालवून नोंद घ्यावी. ८०-८५ अंशांपर्यंत काळजीचे कारण नाही. इंटेलचे अनेक प्रोसेसर १०० अंशांजवळ, तर रायझन ७००० मालिकेतील बहुतेक ९५ अंशांजवळ पोहोचल्यावर स्वतःचा वेग कमी करतात. काम एकाएकी मंदावते, ते याचसाठी. साध्या वापरातच पारा नव्वदीपलीकडे जात असेल, तर मात्र कारण शोधले पाहिजे.

त्यानंतर स्वच्छता. किनाऱ्यालगत दर दोन-तीन महिन्यांनी कॅबिनेट उघडून मऊ ब्रशने व हवेच्या झोताने धूळ काढावी. झोत मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. हीट सिंक व प्रोसेसर यांमधील थर्मल पेस्ट काही वर्षांनी सुकते. जुना थर पुसून नवी पेस्ट वाटाण्याएवढीच लावावी. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे, मात्र खारा वारा थेट आत येईल अशा खिडकीत ठेवू नये. पावसाळ्यात संगणक रोज तासभर तरी सुरू ठेवल्यास आतील ऊब ओल धरू देत नाही.

एवढ्याने भागले नाही, तरच दाबाकडे वळावे. अनेक मदरबोर्ड प्रोसेसरला ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक वीज ओढू देतात. इंटेलच्या कोअर आय ९-१३९०० के या प्रोसेसरची मूळ मर्यादा १२५ वॉट आणि कमाल मर्यादा २५३ वॉट आहे. बायोसमध्ये ती निर्मात्याने सांगितलेल्या आकड्यावर आणणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग. रायझनमध्ये त्यासाठी इको मोडची सोय असते. वेगात थोडीशी घट होते. ताप मात्र लक्षणीय उतरतो. जाणकाराने दाब प्रत्येक वेळी ०.०२५ व्होल्ट एवढाच कमी करून जड काम चालवून पाहावे. संगणक अडखळला, तर एक पायरी मागे यावे. दाब कमी केल्याने प्रोसेसर जळत नाही, फार तर काम बंद पडते. दाब वाढविल्याने मात्र त्याचे आयुष्य घटते. न जतन केलेले काम अशा चाचणीत हातचे जाऊ शकते, म्हणून आधी प्रत काढून ठेवावी.

किनाऱ्यावरचा माणूस पावसाळ्यापूर्वी कौले चाळतो, होडी किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतो. ज्या संगणकावर घराचा हंगामी व्यवसाय चालतो, त्यालाही मृगाआधीच्या या आवराआवरीत जागा मिळावयास हवी. एक ब्रश, थोडी पेस्ट आणि बायोसमधील दोन आकडे यांवर एक दुपार खर्ची पडेल. ऐन हंगामात बंद पडलेल्या संगणकापायी याहून कितीतरी अधिक दिवस वाया जातात.